ठेवायचं की काढायचं

आमच्या इस्पितळाच्या वर्धापनदिनाला पिवळ्या भाताचा डोंगर रचतात आणि त्याचा शेंडा सगळ्यांत जुन्या माणसाच्या हातून कापून घेतात. आमच्याकडे पुरुषाला आदरानं पाक म्हणतात, बाईला बू; त्या वर्षी हा मान पाक विरात्मोंचा होता. त्यांनी संकोचत सुरी घेतली, शेंडा कापला, केळीच्या पानावर ठेवायला म्हणून वळले आणि पानासकट एका अंगावर कलंडले. इस्पितळातच पडले म्हणून जगले. उजवी बाजू मात्र लुळी पडली आणि वाचा गेली. एकच शब्द उरला. "झालं." पाणी हवं असलं तरी झालं, पाय दुखला तरी झालं, बायकोला हाक मारायची तरी झालं. समजत मात्र सगळं होतं. समोरचा बोलायला लागला की त्यांचे डोळे त्याच्या वाक्याच्या पुढे धावायचे.

पाक विरात्मो आमच्याकडे सर्व्हर सांभाळायचे. मी औषधविभागात. माझा त्यांचा संबंध एवढाच, की पडद्यावरचं अडकलं की फोन करायचा, ते "बघतो, बू" म्हणायचे, आणि थोड्या वेळानं सगळं सुरळीत व्हायचं. त्यांनी काय केलं हे आमच्यातल्या कुणी कधी विचारलं नाही. नावनोंदणी, रक्ततपासणी, औषधं, क्ष-किरण, प्रत्येकाचं यंत्र वेगळं. त्या यंत्रानं काय करायचं, कुणाशी बोलायचं, कुणाला आत घ्यायचं हे सांगणाऱ्या सेटिंगच्या फायलीही प्रत्येकावर वेगळ्या. त्या सगळ्या त्यांनी वर्षानुवर्षं त्या त्या यंत्रासमोर बसून लिहिल्या होत्या, आणि कशात काय आहे ते त्यांच्या डोक्यात होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

त्यांच्या हाताखाली निकेन पालुपी नावाची मुलगी होती. मुलगी म्हणजे तेव्हा तिशीची असेल. तिचं म्हणणं असं, की या फायली एका जागी आणू या, रिपॉझिटरीत. तिथे प्रत्येक बदलाची नोंद राहते. कुणी केला, कधी केला, का केला. बिघडलं तर कालच्यावर परत जाता येतं. विरात्मो तिला ताईच्या अर्थी म्बाक म्हणायचे. ते सांगायचे, "घराची किल्ली अंगणात टांगत नाहीत, म्बाक." ती म्हणायची, "किल्ली नाही मागत, पाक. घराचा नकाशा तरी करू." त्यावर ते म्हणायचे, "नकाशा चोराला लागतो. घरचा माणूस अंधारातही न्हाणीघरात जातो."

पहिली काही वर्षं दोघंही यावर हसायची. मग निकेनचं हसणं थांबलं. मग तिनं बदली मागून घेतली आणि क्ष-किरण विभागाच्या यंत्रांकडे गेली. जिन्यात गाठ पडली तर नमस्कार व्हायचा. त्यापलीकडे नाही.

विरात्मो पडले आणि प्रशासनप्रमुख पाक बुदिहार्जोंनी तिला परत बोलावलं. ती पहिल्या दिवशी त्यांच्या खुर्चीत बसली नाही. बाजूला प्लास्टिकची खुर्ची ओढून बसली, असं सफाईवाल्यानं आम्हाला सांगितलं.

कामाला मात्र तिनं लगेच हात घातला. आधी काहीही न सुधारता, चुकांसकट, सगळ्या फायली जशाच्या तशा रिपॉझिटरीत आणल्या. मग लावायला घेतल्या. प्रत्येक यंत्राचा एक कप्पा, सगळ्यांना सारख्या लागणाऱ्या गोष्टींचा एक कप्पा. कपाट आवरताना होतं तसंच झालं. एकाच फायलीच्या चार-चार प्रती निघाल्या. एकीच्या नावापुढे 'जुनी', दुसरीपुढे 'नवी', तिसरीपुढे 'नवी-खरी', आणि एकीपुढे नुसतंच 'हात लावू नये'. यांतली जिवंत कुठली आणि मेलेली कुठली, हे बरंचसं तिला वाचून, तपासून कळलं. जे कळेना, त्यासाठी ती त्यांच्या घरी गेली.

घर गनुकच्या बाजूला. तिथे भरतीचं पाणी घरात येतं, म्हणून लोक जमिनीवर भर घालत जातात. जमीन वर येते, छप्पर तिथेच राहतं. विरात्मोंच्या दारातून आत जाताना निकेनला वाकावं लागलं. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे, आणि खिडकीपाशी पलंग. वर पारव्याचा पिंजरा.

त्यांच्या बायकोनं, बू कुस्तिनाहनं, कडक गोड चहा दिला. दिला आणि उभीच राहिली.

"ते आजारी आहेत," ती म्हणाली. "कार्यालय इथे भरत नाही."

निकेननं सांगितलं, की फक्त हो-नाही विचारायचं आहे, फार वेळ घेणार नाही. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. "झालं. झालं." डाव्या हातानं विरात्मो गादीवर थापट्या मारत होते. कुस्तिनाहनं त्यांच्याकडे पाहिलं, मग खुर्चीवरचं कापड उचललं.

"बसा. तुम्ही बसावं म्हणतात."

निकेनला त्या दोन 'झालं'मधून काहीच कळलं नव्हतं. मान हलवण्यावरही भरवसा नव्हता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, की असे रोगी नाही म्हणायचं असतानाही होकारार्थी मान हलवतात. पण कुस्तिनाहला कळायचं. तिच्यासाठी तो एक शब्द नव्हताच. लांबवलेलं झालं म्हणजे थांब. तुटक झालं म्हणजे नको. नाकातून आलेलं म्हणजे हे कुठल्या गाढवानं केलं. निकेननं पहिल्या दिवशी लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला, एक फाईल उघडली, आणि विरात्मो नाकातून बोलले.

"गाढव म्हणतात," कुस्तिनाह म्हणाली. "तुम्हाला नाही. ज्यानं ते लिहिलं त्याला."

"हे त्यांनीच लिहिलंय, बू."

कुस्तिनाहनं ते नवऱ्याला सांगायची गरजच नव्हती. त्यांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हसली.

असं सुरू झालं. निकेन रविवारी जायची, मधल्या वारी सवड मिळाली तर तेव्हाही. ती फाईल दाखवायची, ते बोलायचे, कुस्तिनाह अर्थ सांगायची. कप्पे भरत गेले. प्रत्येक निर्णयाखाली निकेन नोंद लिहायची. काय केलं, का केलं, कुणाच्या सांगण्यावरून. आम्हाला इस्पितळात एवढंच दिसत होतं, की विरात्मो नसतानाही काही अडत नाही. आम्ही निकेनचं कौतुक करायचो. कुस्तिनाहचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

तिची बाजू पुढे कळली. तिनं लग्नानंतर नवऱ्याला दिवसाउजेडी घरात पाहिलंच नव्हतं. ईदच्या दिवशीही नमाजाहून थेट इस्पितळात जाणारा माणूस. आता तो घरी होता, अर्धा का होईना तिचा होता. सकाळी ती त्यांच्या डाव्या हातात चमचा द्यायची. तो तोंडापर्यंत न्यायला शिकवणं चालू होतं. निकेन येऊन गेली की ते थकून जायचे. भात तोंडात धरून बसायचे, गिळायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी चमचा हातातून सुटायचा. कुस्तिनाहनं हे निकेनला सांगितलं होतं. निकेन म्हणाली होती, थोडंच राहिलंय, बू. पुढच्या वेळीही थोडंच राहिलं होतं.

शाळा उघडायच्या सुमारास निकेन लॅबच्या यंत्राच्या फायली घेऊन गेली. त्यांत एक लहानशी फाईल होती, नावापुढे 'जुनी' असं लिहिलेली. दुसऱ्या कुठल्याही फायलीत तिचा उल्लेख नव्हता. आमच्याकडची बाकीची यंत्रं असली फाईल बघतही नाहीत. निकेनला जवळजवळ खात्री होती, की ती मेलेली आहे. तरी तिनं विचारलं.

विरात्मो म्हणाले, "झालं." मग मोठ्यानं म्हणाले. मग डावा हात पलंगाच्या कठड्यावर आपटत परत परत म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

कुस्तिनाह शिवणयंत्रावर होती. गणवेश त्या आठवड्यात द्यायचे होते. खोलीत उकडत होतं. निकेननं विचारलं, "काय म्हणतात? ठेवायचं की काढायचं?"

कुस्तिनाहनं कापडावरून मान वर केली नाही.

"काढा म्हणतात. पुरे म्हणतात. काढा आता."

या आजारात माणूस कारण नसताना रडतो हे निकेन ऐकून होती. तिनं आधीही त्यांना रडताना पाहिलं होतं. तिनं लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, आणि त्यांच्या पायाला हात लावून निघाली. कार्यालयात येऊन फाईल काढली. खाली नोंद लिहिली: 'पाक विरात्मो यांनी खात्री दिल्यावर काढली.'

लॅबच्या यंत्राची एक खोड होती. त्या कप्प्यात जे काही असेल ते सगळं ते वाचायचं. नावाशी त्याला कर्तव्य नव्हतं. आणि त्या लहानशा फायलीत लिहिलेलं होतं, की डायलिसिसच्या रोग्याच्या रक्तात पोटॅशियम धोक्याच्या वर दिसलं, तर इतर अहवालांची वाट न पाहता मागच्या इमारतीतल्या छापयंत्रावर ताबडतोब कागद काढायचा. मागची इमारत लांब पडते. कुणी तरी कधी तरी तिथे दगावलं असेल, आणि विरात्मोंनी कुणाला न सांगता ही सोय केली असेल. आम्हाला वाटायचं, लॅबवाले मोठे तत्पर.

बू नातेमी जामू, म्हणजे मुळ्यापाल्याचे काढे, विकायची. पाठीवर बाटल्यांची टोपली घेऊन जुन्या शहरात फिरायची, आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यायची. त्या सकाळी तिचं रक्त घेतलं. आकडा वाईट आला. कागद निघाला नाही. आकडा दुपारच्या गठ्ठ्यात पडून राहिला, आणि ती बाहेरच्या बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसली होती, तिथून खाली कोसळली. हृदय थांबलं होतं. कॅल्शियमची इंजेक्शनं माझ्याच खिडकीतून पळत नेली. डॉक्टरांनी तिला परत आणलं आणि अतिदक्षतेत ठेवलं.

कागद का निघाला नाही, हा प्रश्न निकेनकडे आला. तिनं रिपॉझिटरी उघडली, लॅबच्या कप्प्यात अलीकडे काय बदललं ते पाहिलं, आणि तिला शोधावं लागलंच नाही. तिनं फाईल परत ठेवली. मागच्या इमारतीत छापयंत्रानं चाचणीचा कागद काढला. चहा निवायच्या आत एवढं झालं. मग ती स्वतः उठून बुदिहार्जोंकडे गेली आणि सांगितलं, की मी काढली होती.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. औषधविभागातर्फे मी होते. बुदिहार्जो वाईट माणूस नाही. नोंद त्यांनी मोठ्यानं वाचली, चष्मा काढला, आणि म्हणाले, की मग प्रश्न मिटला. निकेननं विचारून केलं. सांगणाऱ्याची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. आजारी माणसाला दोष कोण देणार. नातेमीच्या घरच्यांना सांगू, की माहिती सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या पूर्वीच्या प्रमुखांकडून आली, ती चुकीची निघाली. निकेन म्हणाली, नोंदीवर नाव माझं आहे. ते म्हणाले, आहेच, पण शब्द कुणाचा? ते ऐकून आम्हा सगळ्यांना हलकं वाटलं. मलाही वाटलं. जो बोलू शकत नाही त्याच्यावर गोष्ट ठेवली की ती तिथेच राहते.

निकेन तिथून थेट गनुकला गेली. त्यांना हे कुणाकडून तरी कळण्यापेक्षा आपण सांगावं, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं पलंगाशी बसून सगळं सांगितलं. नातेमी कशी आहे, बैठकीत काय ठरलं, काहीही न लपवता. विरात्मो छपराकडे बघत राहिले. मग हळू आवाजात बोलायला लागले, तोच शब्द, एकामागून एक, श्वास लागेपर्यंत. निकेननं कुस्तिनाहकडे पाहिलं. कुस्तिनाहनं अर्थ सांगितला नाही. उठून मागच्या दारी गेली आणि भांडी घासत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्तिनाह इस्पितळात आली. लग्नकार्याला घालतात तसला लांब बाह्यांचा कबाया आणि खाली बाटिकचं वस्त्र नेसून. शेजारणीला नवऱ्यापाशी बसवून आली होती. मी त्या वेळी निकेनच्या खोलीत माझ्या पडद्याची तक्रार घेऊन गेले होते. उठायला लागले तर ती म्हणाली, बसा, ऐकणारं कुणी असलं तर बरंच.

"ते काढा म्हणाले नव्हते," ती म्हणाली.

निकेननं पडद्यावरून मान वर केली.

"ठेवा म्हणत होते. जीव तोडून म्हणत होते. मला कळलं होतं."

"मग, बू?"

"मग काय. मी उलटं सांगितलं."

"का?"

"तुमची पिशवी मिटावी म्हणून."

खोलीत पंखा फिरत होता. निकेननं टेबलावरचा हात उचलून मांडीवर घेतला. म्हणाली, "मी त्यांचे डोळे पाहिले होते. पाहिले आणि तरी पिशवी मिटली. मलाही घरी जायचं होतं."

"तुमचं तुम्ही बघा," कुस्तिनाह म्हणाली. "मी माझं सांगायला आले. त्यांचं नाव काढा तिथून."

निकेननं तिला समजावलं. जुनी नोंद खोडता येते, येत नाही असं नाही. पण ती खोडली की तिच्यानंतरची प्रत्येक नोंद बदलते, आणि मग त्या वहीवर कुणी विश्वास का ठेवावा. म्हणून जुनी तशीच राहील. तिच्यावर नवी चढेल, आणि बघणाऱ्याला आधी नवी दिसेल. कुस्तिनाह ऐकत होती. शेवटी म्हणाली, शिवण उसवल्याच्या खुणा राहतात तसं. निकेन म्हणाली, हो, तसंच.

निकेन लिहायला लागली. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं: 'ही फाईल काढायला पाक विरात्मो यांनी नकार दिला होता. त्यांचं म्हणणं त्यांच्या पत्नीनं चुकीचं सांगितलं आणि मी ते पडताळून पाहिलं नाही.'

"पत्नीनं नको," कुस्तिनाह म्हणाली. "नाव घाला. कुस्तिनाह."

निकेननं नाव घातलं.

"आणि चुकीचं नाही. खोटं सांगितलं."

निकेनची बोटं थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. मग तिनं तो शब्दही बदलला, आणि आमच्या देखत नोंद पाठवली.

कुस्तिनाहनं विचारलं, ती बाई कुठल्या खोलीत आहे.

मी तिला घेऊन गेले. नातेमीची मुलगी दारातच होती. कुस्तिनाहनं तिला उभ्या उभ्या सगळं सांगितलं, निकेनला सांगितलं होतं तसंच, एकही शब्द मऊ न करता. मुलगी म्हणाली, "माझ्या आईपासून लांब राहा." कुस्तिनाह बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, आणि दुपारी शेजारणीला सोडवायची वेळ झाली तेव्हा उठली. दुसऱ्या दिवशी परत आली. आहारवाल्या बाईंना विचारून, चालेल तेवढाच भात आणि दोनदा पाण्यात उकळून काढलेली भाजी घेऊन. डबा परत गेला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी डबा आत गेला.

नातेमी जगली. पाय मात्र अधू झाले. टोपली तिला पुन्हा उचलता आली नाही. ती मुलीनं घेतली. नातेमीला कुणी विचारलं, की त्या बाईला तू क्षमा केलीस का, तर ती म्हणायची, "तिचा नवरा काय म्हणाला आणि ती काय म्हणाली, मला त्यातलं काही कळत नाही बाई. मला नुसती तहान लागते." डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून मिळतं. कुस्तिनाह तिच्यासाठी वाटीत बर्फाचा चुरा घेऊन बसायची, एवढं मी पाहिलं आहे. बोलताना दोघींना फारसं पाहिलं नाही.

बुदिहार्जोंनी नवी नोंद वाचली. त्यांनी निकेनला बोलावून विचारलं, की हे लिहायची गरज होती का. ती हो म्हणाली. नातेमीच्या घरच्यांना मग खरं तेच सांगितलं गेलं, उपचार इस्पितळानं केले, आणि निकेनच्या सेवापुस्तकात ताशेरा पडला. तो तिनं वाचला, सही केली, आणि जागेवर येऊन लॅबच्या कप्प्यात त्या फायलीचं नाव बदललं. आता तिच्या नावावरूनच कळतं, की ती कुणासाठी आहे.

गनुकला ती बरेच दिवस गेली नाही. तिकडे काय चाललं होतं ते तिला पुढे कुस्तिनाहनं सांगितलं. इस्पितळातून परत आल्यावर कुस्तिनाहनं नवऱ्याच्या पलंगाशी बसून आपण काय केलं होतं ते त्यांना सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतंच. त्या दिवशी तिच्या तोंडून 'काढा' त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं, आणि आपली बायको खोटं बोलते आहे हे सांगायला त्यांच्याकडे जो शब्द होता तो तिच्याशिवाय कुणाला कळत नव्हता. तरी तिनं सांगितलं तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिच्या हातचा घास घेईनात. तिनं ताट पलंगावर ठेवायचं आणि बाहेर जायचं. आत चमचा पडायचा, भात सांडायचा, पुन्हा चमचा वाजायचा. व्यायामाच्या बाईंना जे महिनोन्‌महिने जमलं नव्हतं ते असं जमलं. "रागानं शिकले," कुस्तिनाह म्हणाली. "मी दारामागे उभी राहून ऐकायची. आज किती सांडलं, ते आवाजावरून कळायचं."

किती दिवस गेले कोण जाणे, पण एका सकाळी तिनं ताट ठेवलं आणि वळली, तर मागून हाक आली. ती थांबली. त्यांनी ताटातली मिरची डाव्या हातानं बाजूला सारून दाखवली. त्यांना मिरची नको असायची, तिला आवडायची. ती बसली आणि तिनं ती खाल्ली.

त्यानंतर तिनं निकेनला निरोप धाडला. निकेन आली तेव्हा पिशवी रिकामी होती, लॅपटॉप तिनं आणलाच नव्हता. कुस्तिनाह तिला म्हणाली, "तू आण तो. अर्धं काम घरात पडून राहिलं तर यांना झोप लागत नाही. पण आता माझ्या पद्धतीनं." ती निकेनला प्रथमच तू म्हणाली होती.

तिची पद्धत अशी. चमच्याचा आणि पायाचा व्यायाम आधी. मग एकच फाईल, फार तर दोन. प्रत्येक प्रश्न दोन बाजूंनी विचारायचा. आधी ठेवायचं का, मग थोडं थांबून काढायचं का. दोन्हीला उत्तर वेगवेगळं आलं तरच धरायचं. सारखं आलं तर ते थकले आहेत, त्या दिवसापुरतं बंद. आणि अर्थ तिनं एकटीनं सांगायचा नाही. तिनं निकेनलाही ऐकायला शिकवलं. सुरुवातीला निकेनचे अंदाज चुकायचे आणि विरात्मो नाकातून बोलायचे.

"हे तर कळलं ना?" कुस्तिनाह म्हणायची.

"हे पहिल्या दिवसापासून कळतंय, बू."

रिपॉझिटरीत प्रत्येक नोंदीला दोन नावं लावता येतात. काम कुणाचं, आणि ते आत कुणी ठेवलं. या नव्या नोंदींत निकेननं कामापुढे विरात्मोंचं नाव लावलं, ठेवण्यापुढे आपलं. खाली एका ओळीत लिहायची, की दोन्ही बाजूंनी विचारलं, बू कुस्तिनाह आणि मी, दोघींनी ऐकलं. कुस्तिनाहला तिनं ते विचारून केलं होतं. कुस्तिनाह म्हणाली होती, खरं असेल तेवढंच लिही.

काम पावसाळ्यानंतर संपलं. शेवटची फाईल नावनोंदणीच्या यंत्राची होती, साधीच. विरात्मोंनी दोन्ही उत्तरं नीट दिली. निकेनला वाटलं होतं, त्यांना काही तरी वाटेल. तिनं त्यांना सगळा पसारा दाखवला, कप्प्यांमागून कप्पे, प्रत्येकावर त्यांचं नाव. त्यांनी थोडा वेळ पाहिलं. मग डाव्या हातानं लॅपटॉप हलकेच बाजूला सारला आणि पिंजऱ्याकडे बोट केलं. पारव्याला दाणे घालायची वेळ झाली होती.

त्यानंतर त्यांनी यंत्रांची चौकशी कधीच केली नाही. निकेन पुढेही जात राहिली. एकदा तिनं मुद्दाम विषय काढून पाहिला, की भरतीच्या पाण्यात एक यंत्र गेलं आणि नवं यंत्र त्याच फायलींवरून जेवणाच्या सुट्टीआधी उभं केलं. विरात्मोंनी सौजन्यानं ऐकून घेतलं. कुस्तिनाह स्वयंपाकघरातून म्हणाली, त्यांना धुरावलेल्या माशाचं कालवण हवंय आणि निकेननं वाढून घ्यावं. निकेननं वाढून घेतलं. विरात्मो आपल्या हातानं जेवत होते, सावकाश, फार न सांडता, आणि मधून मधून पारव्याकडे बघत होते.